मागच्या चाकांची वाट

ऑफिसात तिला सगळे वाटाडी म्हणत आणि तिला ते आवडायचं. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. ऑफिस म्हणजे एका बेकरीच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. सकाळी ताज्या पावाचा वास जिन्यानं वर यायचा आणि तो विरेपर्यंत कुणाचं कामात लक्ष लागायचं नाही. तिथं थ्रीडी ॲनिमेशनच्या फिल्म बनत. कुणी चेहरे करायचं, कुणी उजेड आणि सावल्या, एकजण तर आयुष्यभर फक्त पाणी आणि धूर करत आला होता. वाटाडीकडे जाण्यायेण्याचं खातं होतं. पडद्यावर जे काही इथून तिथे जातं, ते तिनं नेलेलं असायचं.

काम ऐकायला अगदी सोपं वाटतं. पडद्यावरच्या रिकाम्या जागेत एक वळणदार रेघ काढायची, वस्तू त्या रेघेला बांधायची आणि कुठल्या क्षणी ती कुठवर पोचलेली असेल ते सांगून ठेवायचं. निघाली वस्तू. पण मधाच्या बाटलीभोवती फिरणाऱ्या माशीला ‘जातेस तिकडे तोंड कर’ हे सांगायला विसरलात, तर ती खेकड्यासारखी आडवी चालते. विमानाची रेघ सरळ उभी वर नेलीत, तर त्याला वर कुठलं नि खाली कुठलं ते कळेनासं होतं आणि ते भर आकाशात गर्रकन उलटं होतं. रेघेवरचे बिंदू कुठे दाट, कुठे विरळ पडले, तर चांगली शहाणीसुरती आगगाडी एकदा रांगते आणि एकदा सुसाट सुटते. असल्या सगळ्या खोड्या वाटाडीला पाठ होत्या. वस्तूच्या बरोबर मध्यावर गाठ मारायची आणि तिला रेघेवर सोडायची, ही तिची पद्धत. माशी असो, मोटार असो, नाहीतर लग्नाच्या जाहिरातीतलं फुलपाखरू असो, गाठ मध्यावर.

घरी या कामाचा त्रास नवऱ्याला व्हायचा. तो छापखान्यात होता, दिवसभर कागदाचे गठ्ठे उचलून दमलेला माणूस. त्याच्याबरोबर बाजारात निघालेली बायको भर रस्त्यात थांबायची, का, तर हातगाडीवाला कोपरा कसा घेतो ते बघायला. एकदा त्यानं लांबून तिच्याकडे किल्ल्या फेकल्या. तिनं त्या झेलल्याच नाहीत. पायाशी पडू दिल्या आणि म्हणाली, “परत फेक ना. जरा उंचावरून.” त्यानं फेकल्या, हे त्याचं मोठेपण. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, आणि हे ती त्याला वर्षातून एकदा तरी तोंडावर सांगायची. उरलेलं वर्ष भांडायची.

आता मामाबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ, शिंपी. पोस्टाच्या समोरच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर एक खोली, मधे लाकडी जिना. त्या खोलीत मामा राहायचा, एकटा. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाटाडी लहान असताना आई कामावर जायची आणि शाळा सुटली की ही मामाच्या कापायच्या टेबलाखाली जाऊन बसायची. मामा खडूनं कापडावर बाहीची, गळ्याची वळणं आखायचा आणि ही त्या खडूच्या रेघेवरून बटणं चालवायची. मामा ओरडायचा, रेघ पुसली की पुन्हा आखायचा, पण तिला कधी उठवलं नाही. तिला आपल्या कामाची गोडी कुठून लागली, याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

मामाला मात्र तिचं काम काही उमगलं नव्हतं. कुणी विचारलं की सांगायचा, “कॉम्प्युटरवर माशा हाकते.”

तर शहरातल्या नदीवर नवा पूल व्हायचा होता. पुलाची एक लांबच लांब लोखंडी तुळई शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात तयार झाली होती आणि ती रस्त्यानं नदीपर्यंत न्यायची होती. सगळा रस्ता रुंद आणि सरळ, अडचण एकाच जागी होती, पोस्टाच्या वळणावर. तिथून तुळई कशी वळेल ते आधी पडद्यावर बघावं, असं पुलाच्या कंत्राटदाराच्या मनात आलं आणि ते काम वाटाडीच्या मालकांकडे आलं. मालकांनी ते तिच्यापुढे ठेवलं. मापं आली, फोटो आले. वाटाडी खूश. ज्या कोपऱ्यावर वाढलो तो कोपरा पडद्यावर उभा करायला कुणाला आवडणार नाही? तिनं पोस्ट केलं, पोस्टाचं बुटकं कुंपण केलं, मामाचं दुकान केलं. दुकानाच्या फलकावरचा उन्हानं उडालेला रंगसुद्धा सोडला नाही. मग रस्त्याच्या मधोमध रेघ काढली, तुळईच्या मध्यावर गाठ मारली आणि तुळई सोडली.

तुळईचं डोकं वळलं तशी तिची शेपटी बाहेरच्या अंगाला झाडूसारखी फिरली आणि मामाच्या दुकानात दारातून शिरून वरच्या खोलीच्या जिन्यातून पलीकडे बाहेर आली. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. पडद्यावर भिंती कुणाला अडवत नाहीत. तुळई दुकानातून आरपार गेली आणि दुकान तसंच उभं राहिलं, हेच बघायला फार भयंकर होतं.

वाटाडीनं ती पुन्हा सोडली, पुन्हा तेच. तिनं रेघ इकडे सरकवून बघितली, तिकडे सरकवून बघितली. शेपटी वाचवावी तर डोकं वळणापलीकडच्या औषधांच्या दुकानावर जायचं. शेवटी तिनं मालकांना बोलावलं. मालक चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

“दुकान कुणाचं?”

“माझ्या मामाचं.”

मालक वाईट माणूस नव्हते. पण म्हणाले, “जे दिसतंय ते द्यायचं. मामाचं असो नाहीतर माझं असो.”

फिल्म गेली. कंत्राटदाराच्या बैठकीत ती सगळ्यांनी पाहिली, वाहवा केली आणि ठरलं, की कोपऱ्यावरच्या दुकानाची पुढची भिंत आणि जिना पाडायचा आणि शिंप्याला गावाबाहेरच्या नव्या बाजारात एक गाळा द्यायचा. जिना नाही म्हणजे वरची खोलीही गेली. एका रेघेनं मामाचं दुकान आणि घर दोन्ही गेलं, आणि ती रेघ तिच्या हातची होती.

हे मामाला कुठल्या तोंडानं सांगायचं या विचारात ती दोन दिवस त्या रस्त्यानंच गेली नाही. तिसऱ्या दिवशी धीर करून गेली, तर मामा पायरीवर बसलेला.

“मामा, ती फिल्म...”

“बघितली,” मामा म्हणाला. “पुलाच्या कामावरचा मुकादम मोबाइलवर दाखवून गेला. फलक काय हुबेहूब काढलायस गं! उडालेला रंगसुद्धा! मला तर वाटलं फोटोच आहे.”

तो चिडला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. ती मान खाली घालून उभी राहिली. मामा म्हणाला, “शिंप्याचं काय? मशीन नेईल तिथं दुकान.” बोलला खरं, पण त्यानं शिवायला नवीन कपडे घेणं बंद केलं होतं. आलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या शिंप्याचा पत्ता सांगायचा. टेबलावर कात्री नुसती पडून असायची. जेवण कमी झालं होतं, आणि दुकानात बसायचं सोडून तो पायरीवर बसायचा, पाहुणा बसतो तसा.

पुढच्या रविवारी सामान हलवायला वाटाडी आणि तिचा नवरा गेले. मशीन आधीच हलवलं होतं. राहिलं होतं ते कापडाचं मोठं लाकडी कपाट. ते होतं मागच्या बोळकांडीत आणि बोळकांडीला मधेच एक काटकोन. ती पुढे, नवरा मागे. तिनं वळण घेतलं तसं नवऱ्यानंही मागचं टोक वळवलं आणि कपाट भिंतीला खर्रकन घासलं.

“सावकाश!” मामा बाहेरून ओरडला.

“थांब, थांब,” नवरा म्हणाला. “चूक माझी. तू वळलीस म्हणून मी लगेच वळायचं नसतं. मी अजून सरळच येतो. माझ्याकडे भिंतीपर्यंत जागा आहे. तू तुझं बघ, मी माझं बघतो.”

तो सरळ येत राहिला, अगदी समोरच्या भिंतीला नाक लागेपर्यंत, आणि मग वळला. कपाट कुठेही न लागता कोपऱ्यातून बाहेर आलं.

वाटाडी जागच्या जागी थांबली. कपाटाचं पुढचं टोक हातात आणि नजर कुठेतरी तिसरीकडे.

“अगं, खाली तरी ठेव,” नवरा म्हणाला. “हात तुटायला आलाय माझा.”

“आपण हे परत आत नेऊ या का?” ती म्हणाली. “एकदाच. मला मागून बघायचंय.”

नवऱ्याचं तोंड त्या वेळी असं झालं, की मामाला हसू आवरेना. किती दिवसांनी तो हसला होता. आणि सांगायला हरकत नाही, कपाट परत आत गेलं आणि परत बाहेर आलं. एकदा नव्हे, तीनदा. शेवटच्या वेळी मामानंच मागचं टोक धरलं होतं.

घरी येईपर्यंत तिला आपली चूक स्वच्छ दिसली होती. माशी इवलीशी असते, तिला मध्यावर एक गाठ पुरते. मोटारीलाही चालून जाते. इतकी वर्षं तसंच करत आल्यामुळे तुळईलाही तिनं एकच गाठ मारली होती, पोटाशी. म्हणून वळताना दोन्ही टोकं वाऱ्यावर सोडल्यासारखी बाहेर झेपावत होती. कुठलंही लांब ओझं दोन ठिकाणी धरलेलं असतं, आणि धरणारे दोघं दोन वाटांनी जातात. फुलपाखरं उडवण्यात जन्म गेल्यावर माणूस हे विसरू शकतो. ती विसरली होती.

सोमवारी तिनं मुकादमाला फोन लावला.

“तुळईच्या मागच्या टोकाखाली वेगळी गाडी असते का?”

“असते की. तिचं स्टिअरिंग वेगळं, त्यावर माणूस वेगळा.”

“मग बैठकीत बोलला का नाहीत?”

मुकादम म्हणाला, “खरं सांगू का बाई? फिल्म इतकी छान होती, की आम्हीही टाळ्या वाजवत बसलो. आमच्या डोक्यातच आलं नाही.”

मालकांना सांगितलं तेव्हा ते लगेच हरखले नाहीत. “हे बघ,” ते म्हणाले, “मामाचं दुकान वाचावं म्हणून तुझा हात रेघ वाकवेल. तुला कळणारही नाही. तसं झालं, तर त्या दिवशी रस्त्यात तुळई अडकेल आणि मग दुकानही जाईल नि आपली अब्रूही.” तिला राग आला नाही, कारण तिलाही नेमकी तीच भीती होती. दुकान वाचावं असं तिला इतकं वाटत होतं, की स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा उरला नव्हता.

ती कामाला लागली. आता रेघा दोन, एक पुढच्या गाडीची, एक मागच्या गाडीची. तुळई दोन्ही गाड्यांवर टेकवली आणि सोडली, तर तुळई रबरासारखी ताणली गेली. वळणावर लांब झाली, वळण संपल्यावर आखडली. पाणी आणि धूर करणारा उठून बघायला आला आणि पोट धरून हसला. चूक उघड होती. दोन्ही गाड्या आपापल्या चालीनं निघाल्या होत्या आणि मधलं अंतर राखायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मग तिनं मागच्या गाडीला पुढच्या गाडीची चाल बघून कुठे थांबायचं, कुठे पावलं उचलायची ते क्षणाक्षणाला शिकवलं. या कामानं तिला नाकी नऊ आणले. दोन ओळखीची माणसं रस्त्यानं गप्पा मारत चालतात तेव्हा हे आपोआप होतं. पडद्यावर ते हातानं करावं लागतं.

शेवटी तुळई तुळईएवढीच राहिली आणि वळली. मागची गाडी मामाच्या दुकानाच्या रोखानं सरळ आली, आता शिरते की काय असं वाटेपर्यंत आली, आणि वळली. तुळईचं पोट आतल्या अंगाला, पोस्टाच्या कुंपणावरून गेलं. वाटाडी टेप घेऊन मुकादमाबरोबर कुंपणापाशी गेली आणि त्याची उंची मोजून आली. तुळई त्याच्याहून वर होती. तरी तिचं समाधान होईना. तिनं पडद्यावरची तुळई खरीपेक्षा जाड केली, दुकानाची पायरी खरीपेक्षा पुढे ओढली. मामाला न्याय मिळावा म्हणून तिनं मामावर अन्याय करून बघितला. तरीही शेपटी आणि भिंत यांच्यात वीतभर जागा उरली.

बैठकीत दुसरी फिल्म दाखवली गेली. मुकादमानं या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत, प्रश्न विचारले, पुष्कळ विचारले, आणि शेवटी मान डोलावली. पाडापाडी थांबली. पण अट पडली. तुळई अडकली, तर पूल थांबणार नाही. त्या दिवशी बुलडोझर गल्लीत उभा राहील आणि भिंत तिथल्या तिथे जाईल. तोवर मामानं सामान परत आणायचं नाही.

तुळई एका रविवारी सकाळी निघाली. रस्ता बंद केला होता. दोरीच्या मागे ही गर्दी. खिडक्यांत माणसं, गच्च्यांवर माणसं, बापांच्या खांद्यांवर पोरं. मामानं दुकानाला कुलूप लावलं आणि तो औषधांच्या दुकानाच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. पण पाठ रस्त्याकडे, तोंड भिंतीकडे.

“मी नाही बघणार,” तो म्हणाला. “तू सांग.”

त्याच्या गळ्यात मापाची पट्टी होती. दुकान बंद असताना ती कशाला घातली होती, कोण जाणे. वाटाडीनं त्याचा हात धरला. नवरा दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

“आली,” ती म्हणाली. “पुढची गाडी पोस्टापाशी आली. वळतेय. वळली, मामा. डोकं वळलं.”

“मग?”

“पोट कुंपणावर आलं. लागत नाही. वरून जातंय.”

मामाचा हात ओला झाला होता. तिचाही असेल. मागच्या गाडीवर एक किरकोळ अंगाचा माणूस छोटंसं स्टिअरिंग धरून बसला होता. तो गर्दीकडे बघत नव्हता, दुकानाकडे बघत नव्हता, फक्त आपल्या चाकांकडे बघत होता. गाडी सरळ येत राहिली, मामाच्या दाराच्या रोखानं. लोकांना वाटलं संपलं. बायका ओरडल्या. बुलडोझरवाल्यानं यंत्र सुरू केलं आणि त्याच्या आवाजात बाकीचं काही ऐकू येईना. वाटाडीला माहीत होतं, की गाडीनं एवढं पुढे यायलाच हवं, तिनंच तिला तसं शिकवलं होतं. तरी ती एक पाऊल मागे सरली. पडद्यावर तिनं ही गाडी शंभरदा पाहिली होती, पण पडद्यावरच्या गाडीला वजन नव्हतं आणि पडद्यावरच्या दुकानात मामा राहत नव्हता.

स्टिअरिंग फिरलं. मागची चाकं करकरली. शेपटी दुकानाच्या फलकासमोरून सरकत गेली, इतक्या जवळून, की फलकावर तिची सावली पडली आणि पुढे निघून गेली. गर्दीतून एकच गलका उठला. लोक दोरी ओलांडून धावले.

“काय झालं?” मामानं विचारलं. “अगं, काय झालं? सांग की!”

वाटाडी सांगायला गेली आणि शब्दाऐवजी हुंदकाच बाहेर आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते तिला थांबवताच येईना. तिनं मामाचा हात नुसता घट्ट आवळला.

मामा भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या हातावर थोपटलं.

“असू दे,” तो म्हणाला. “असू दे गं. रडू नकोस. तू तुझ्याकडून सगळं केलंस, मी बघत होतो की. भिंतच ती. माझा तुझ्यावर राग नाही हां, बाळा. कधीच नव्हता. मी कुठंही बसेन.”

तिनं त्याला दोन्ही खांद्यांना धरलं आणि वळवलं.

दुकान उभं होतं. भिंत, पायरी, वरची खिडकी, दाराचं कुलूप, सगळं जिथल्या तिथे. मामा बघत राहिला. मग त्यानं भाचीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

“मग बोलायला काय झालं होतं तुला, गाढवे!” तो ओरडला, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडायला लागला.